स्थळाच्या चौकशीत पाहिलेलं नांदेड

लोक सिंगापूरला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी अहमदपूरहून नांदेडला जाऊन आलो. एसटीनं दोन तास लागतात, त्यातला बराच वेळ लोह्याला ड्रायव्हरच्या चहात जातो. तरीही लिहितो आहे, कारण त्या एका दिवसात माझ्या पोटात जेवढे खड्डे पडले तेवढे त्या रस्त्यावरही नाहीत.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तीस वर्षांपूर्वी चित्रकलेची पदविका मी नांदेडला घेतली, त्यामुळे हे शहर मला पाठ आहे असा माझा समज होता. यावेळी मात्र मी फिरायला निघालो नव्हतो. मी निघालो होतो स्थळाच्या चौकशीला.

माझी मुलगी ऋतुजा लातूरला एका बँकेत आहे. तिला नांदेडचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव निखिल, डॉक्टर लेनमध्ये स्वतःची पॅथॉलॉजी लॅब. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोघांची पसंती झाली. रविवारी सकाळी दहाला मुलाकडची मंडळी आमच्या घरी येणार, ताटात सुपारी ठेवली जाणार, मुलीचा मामा ती फोडणार आणि लग्न ठरणार. आमच्याकडं सुपारी फुटल्यावर कोणी माघार घेतली तर दोन्ही घरांची नावं वर्षभर पारावर चघळली जातात. म्हणून सुपारीच्या आधी मुलाच्या गल्लीत जाऊन गुपचूप चौकशी करायची असते. हे काम माझा मेहुणा बालाजी करणार होता. तो या कामात मुरलेला. पण शुक्रवारी त्याची कंबर धरली आणि घरात उरलो मी.

"तुम्ही?" सुनंदा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली. तिचंही चुकत नाही. मी निवडून आणलेलं कलिंगड आजवर एकदाही लाल निघालेलं नाही.

शनिवारी सकाळी ऋतुजा मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "पप्पा, जे कळेल ते सगळं मला सांगा. गाळून नको." मी हो म्हणालो. तेव्हा ते सोपं वाटलं.

देगलूर नाका

नांदेडच्या स्टँडवर गुरमीत स्कूटर घेऊन उभा होता. गुरमीत, सलीम आणि मी, तिघंही चित्रकलेचे विद्यार्थी. त्यातला मी मास्तर झालो, सलीम आधी पाट्या रंगवायचा आणि आता फ्लेक्स छापतो, गुरमीत ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. गुरमीतच्या चार पिढ्या नांदेडात गेल्या. पंजाब त्यानं एकदाच पाहिला, आणि तिथलं पाणी त्याला बाधलं.

"काय दिग्या, पोट लई सुटलं की! लग्न पोरीचं हाय का पोटाचं?" असं म्हणत त्यानं मला मागं बसवलं आणि थेट देगलूर नाक्यावर नेलं. तिथं सलीम खिचडी-खट्ट्याच्या प्लेटा मांडून बसलेला. आपल्याकडं खिचडी म्हणजे आजारी माणसाचं नाहीतर उशिरा आलेल्या पाहुण्याचं जेवण. इथं ती सकाळचा नाष्टा आहे. पिवळी, मोकळी, मसूर घातलेली, आणि वरून तीळ-चिंचेचा आंबट खट्टा. पहिल्या घासाला माझे डोळे मिटले, दुसऱ्याला पाण्यानं भरले.

मी बायोडाटा काढून दोघांना कामाचं स्वरूप सांगितलं.

"इतनीच बात?" सलीम म्हणाला. "मास्तर, तू सीधा उसकी लॅब में जा. खून दे, शुगर निकाल. दामाद भी देख लेता, बीमारी भी."

"तो मला ओळखतो रे. घरी येऊन गेलाय."

"मग गल्लीत जाऊ," गुरमीत म्हणाला. "पण तू बोलायचं न्हाई. तुझं तोंड बघूनच कळतंय की पोरीचा बाप हाय."

तरोड्याकडची कॉलनी

तोंडाबद्दल तो बोलला ते खरं निघालं. निखिलच्या घराच्या कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. सलीमला दुकान उघडायचं होतं म्हणून तो परत गेला, गुरमीत स्कूटर लावायला थांबला. तेवढ्यात मी पुढं जाऊन एक बिस्किटाचा पुडा मागितला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही कॉलनी कशी आहे हो राहायला?"

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "पोरगी दाखवलीय का कुणाला? कोणत्या घरात?"

मी पुडा खिशात कोंबला. गुरमीत मागून आला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"लाजू नका हो," दुकानदार म्हणाला. "बिस्किट घेऊन कॉलनीची विचारपूस करणारा माणूस एकतर पोलीस असतो नाहीतर पोरीचा बाप. पोलीस बिस्किट विकत घेत नाही."

मग मी निखिलचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. पोरगा सोन्यासारखा, व्यसन नाही, आईबापाला धरून, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं रक्त घरी येऊन घेतो. मला हायसं वाटलं. बिस्किटाचा दुसरा पुडा घ्यावा असंही वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "आता सगळं बरं हाय त्यांचं."

"आता म्हणजे?"

तो एकदम बरण्या पुसायला लागला. "आता म्हणजे... आत्ता. सध्या. गिऱ्हाईक आलंय, बघा."

माझ्या मागं कोणीही नव्हतं.

शेजारच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, माणसं चांगली, बाकी आपल्याला काय माहीत. समोरच्या जिन्यावर गहू निवडत बसलेल्या बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, "पोरगी शिकलेली हाय का?" विचारलं, आणि हो म्हटल्यावर म्हणाली, "मग तिलाच विचारू द्या की." आणि गव्हात मान घातली.

स्कूटर चालू करायला गुरमीतनं चार किक मारल्या, तरी तिला एकही शिवी दिली नाही. तो शिवी देत नाही म्हणजे त्यालाही काहीतरी खटकलंय, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे.

सलीमचं दुकान

सलीमच्या दुकानात चारी भिंतींवर माणसंच माणसं. वाढदिवसाची, निवडून आलेली, पडलेली, वारलेली. एका फ्लेक्सवर मराठी, खाली उर्दू, बाजूला गुरुमुखी आणि कोपऱ्यात देगलूरकडच्या कोण्या गिऱ्हाइकासाठी तेलुगू. चारही लिपींत सलीमला अक्षराची वळणं कळतात. वाचता दोनच येतात. माझ्या शाळेत मराठीच्या फलकावर मी 'ज्ञ' नीट काढला तरी मुख्याध्यापक कौतुक करतात, हे आठवून मी जरा खजील झालो.

मी मोबाईलवर निखिलचा फोटो दाखवला. सकाळी सलीमनं नुसता कागद पाहिला होता. आता त्यानं फोटो मोठा केला, मग आणखी मोठा.

"ये कान मैंने काटा है."

"काय?"

"अरे, फ्लेक्स के लिए फोटो का पीछे का सब काटना पडता. चेहरे की किनार काटते काटते कान लक्षात राहतो. बघ, इसका बायाँ कान उपर से चपटा है." तो मराठी आणि दखनी एकाच वाक्यात मिसळतो. "नाव याद नही रहता मेरेकू. कान रहता."

तो कॉम्प्युटरवर जुनी कामं उघडत गेला. माझं लक्ष पंख्याकडं होतं. तो फिरत होता आणि मला घाम फुटला होता. दहा मिनिटांनी सलीमचा हात थांबला.

पडद्यावर गुलाबी पडदे, दोन मोर आणि मोठ्या अक्षरात 'साखरपुडा समारंभ'. डावीकडं निखिल, चपट्या कानासकट. उजवीकडं निळ्या साडीतली एक मुलगी. खाली नाव, पल्लवी. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

दोन वर्षांपूर्वी निखिलचा साखरपुडा झाला होता, तो मोडला होता, आणि बायोडाटात, मध्यस्थाच्या बोलण्यात, पाहण्याच्या कार्यक्रमात, चार वेळा झालेल्या चहापोह्यांत कोणीही त्याचा उल्लेख केला नव्हता.

"मोडला असेल," गुरमीत म्हणाला. "मोडतात. माझ्या चुलतभावाचे दोन मोडले."

"पण सांगायचं ना!" मी ओरडलो. मग आवाज खाली आणला, कारण भिंतीवरची सगळी माणसं माझ्याकडंच बघत होती. "का मोडला? यानं मारहाण केली? आजार आहे? दुसरी कोणी आहे? उद्या सकाळी दहाला सुपारी आहे रे!"

फ्लेक्सच्या खाली 'निमंत्रक' म्हणून पल्लवीच्या मामांचं नाव आणि त्यांच्या भांड्यांच्या दुकानाचा पत्ता होता. इतवाऱ्याच्या बाजारातला.

सलीमनं फाईल बंद केली. "वहाँ नक्को जाना, दिगंबर." तो मला पूर्ण नावानं हाक मारतो तेव्हा चेष्टा संपलेली असते. "जिसके घर का रिश्ता टूटा, उसके दरवाजे पे पूछने नही जाते. ये अपने में भी नही चलता, तुम्हारे में भी नही चलता."

लंगर

गुरमीतचं म्हणणं, रिकाम्या पोटी निर्णय घ्यायचा नाही. तो आम्हाला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेला. डोकं झाकायला माझ्याकडं हातरुमाल होता, पण त्याला पोस्टर कलरचे डाग. सलीमची टोपी खिशात होतीच. "याची टोपी चालतीय," गुरमीत म्हणाला, "मास्तरच उघडा पडला." शेवटी दारातल्या टोपलीतला केशरी रुमाल बांधून मी आत शिरलो.

पांढऱ्याशुभ्र फरशीवर ऊन, आत शबद-कीर्तन चाललेलं, आणि लंगरच्या पंगतीत माझ्या एका बाजूला अमृतसरकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला हिमायतनगरहून दवाखान्यात आलेले आजोबा आणि त्यांची सून. आपल्या पंगतीत आग्रहाचा दंगा असतो. नको नको म्हणेपर्यंत जिलबी पानात. इथं कोणी आग्रह करत नाही, कोणी विसरतही नाही. पोळी वाढणारे सेवादार आले तेव्हा मी एक हात पुढं केला. ते थांबूनच राहिले. गुरमीतनं कोपर मारलं, "दोन्ही हात कर. मागायचं तर नीट माग." मी दोन्ही तळवे पुढं केले आणि त्यावर गरम पोळी पडली.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मी ताट संपवून बाहेर धावलो आणि परत फोन लावला. सुनंदा होती. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडं मिक्सर बंद झाला.

"ऋतुजाला सांगू नका," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"अहो, ती आत्ता उद्यासाठी शिवलेलं ब्लाऊज आणायला गेलीय. तिचं तोंड बघा एकदा, मग बोला. रात्री बालाजी येईल, तो ठरवील. चांगलं असेल तर पुढं जाऊ, वाईट असेल तर काहीतरी कारण काढून थांबवू. पोरीच्या जिवाला घोर कशाला?"

मी हो म्हणालो. सकाळपासून हे माझं दुसरं हो, आणि ते पहिल्याच्या विरुद्ध होतं.

भांड्यांचं दुकान

मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. सलीम नाराज होऊन दुकानी परतला. गुरमीत म्हणाला, "मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो. मार पडला तर ओरड."

इतवाऱ्यातल्या त्या दुकानात छतापर्यंत पितळ, तांबं, स्टील. मामा नव्हते. गल्ल्याजवळ छोटं मशीन घेऊन एक मुलगी भांड्यांवर नावं घालत बसली होती. निळी साडी नव्हती, साधा ड्रेस होता, पण फ्लेक्सवरचीच ती. पल्लवी.

"काय दाखवू, काका?"

"कलश. तांब्याचा."

तिनं चार काढले. मी चारही उलटेपालटे करून पाहिले, जणू कारण कलशाच्या बुडाशी लिहिलेलं असेल. मग एक तिच्यापुढं ठेवला.

"नाव घालायचं?"

आपल्याकडं भांडं घेतलं की नाव घालतातच. नाही म्हणणारं गिऱ्हाईक संशयास्पद. मी हो म्हणालो. तिनं मशीन सुरू केलं, सुई तांब्यावर टेकवली. "काय नाव?"

इथं माणसानं कोणतंही नाव सांगावं. गावात शंभर नावं आहेत. पण दिवसभर माझ्या डोक्यात एकच नाव फिरत होतं.

"ऋतुजा," मी म्हणालो.

सुई चालू झाली. पहिलं अक्षर, मग दुसरं. काय सुरेख वळण! 'ऋ' इतका डौलदार माझे दहावीचे विद्यार्थी काढत नाहीत, आणि मी ते बोलूनही गेलो. मग मशीन थांबलं. तिनं वर पाहिलं.

"तुम्ही अहमदपूरचे का?"

मी मदतीसाठी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडं गुरमीत बसची वाट पाहिल्यासारखं करत होता.

"ऋतुजा बोलली माझ्याशी," पल्लवी म्हणाली. "मागच्या रविवारी. तिनंच मला शोधलं, इन्स्टावर, साखरपुड्याच्या जुन्या फोटोवरून. अर्धा-पाऊण तास बोललो आम्ही."

म्हणजे माझी पोरगी सहा दिवस सगळं जाणून होती. शनिवारी सकाळी तिनं मला गाडीत बसवलं तेव्हाही.

"काय... काय सांगितलंस तू तिला?"

"ते तिला सांगितलंय, काका. तिला संसार करायचाय म्हणून तिला सांगितलं. तुम्हाला नाही सांगणार." आवाज चढलेला नव्हता. "साखरपुडा मोडला तेव्हापासून लोक गल्लीत विचारतात, किराण्यात विचारतात, मामाला आडून विचारतात. माझ्यासमोर कोणी येत नाही. ऋतुजा तरी सरळ माझ्याशी बोलली. तुम्ही आलात, पण कलश घ्यायला."

माझ्या वयाच्या माणसाला मुलीच्या वयाच्या कोणी एवढं नीट, एवढ्या थोडक्यात ऐकवलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिनं कलशाकडं पाहिलं. त्यावर 'ऋतु' एवढंच होतं. "पूर्ण करू का?"

"कर."

तिनं 'जा' काढला, फडक्यानं पुसला आणि कागदात गुंडाळून दिला.

बाहेर गुरमीतनं विचारलं, "काय कळलं?"

"काही नाही," मी म्हणालो. तो एवढा शहाणा की पुढं काही विचारलं नाही. मला नदीवर, बंदा घाटावर नेलं. गोदावरी संथ वाहत होती. एक बाई परडीत दिवा सोडत होती. गुरमीतनं पाण्यात पाय सोडले आणि त्याच्या पोरानं लव्ह मॅरेज केलं तेव्हा आपण तीन महिने त्याच्याशी बोललो नाही, ते किती वाया गेले, हे सांगत राहिला. एरवी मी त्यावर विनोद केला असता.

अहमदपूर

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. सुनंदाला दिलेला शब्द आणि ऋतुजाला दिलेला शब्द, दोन्ही एका पिशवीत घेऊन बसलो होतो आणि लोहा, माळाकोळी मागं गेलं.

सातला घरी पोचलो. दार ऋतुजानं उघडलं. मागं सुनंदा डोळ्यांनी 'नको' म्हणत उभी. मी चप्पल काढायच्या आत बोलून टाकलं. "निखिलचा आधी एक साखरपुडा झालाय. मोडलाय. का ते मला कळलं नाही. आणि मी त्या मुलीच्या दुकानात गेलो होतो, ते चुकलं."

सुनंदानं घाईनं दार लावून घेतलं.

"मला माहीत होतं, पप्पा," ऋतुजा म्हणाली.

"आम्हाला सांगितलं का नाहीस?" सुनंदा.

"सांगितलं असतं तर मामानं त्याच दिवशी फोन करून नाही म्हटलं असतं. साखरपुडा मोडला त्याचं मला काही नाही. पल्लवीनं मला जे सांगितलं ते ऐकून तर निखिलबद्दल बरंच वाटलं. पण तो स्वतः सांगतो का, ते बघायचंय. दोनदा बोललो आम्ही फोनवर, त्यानं विषय नाही काढला." तिनं माझ्या हातातला गुंडाळलेला कलश घेतला. "उद्या तुम्ही कोणी काही विचारायचं नाही. सुपारीपर्यंत वाट बघायची. नाही बोलला तर मीच थांबवीन."

"भरल्या घरात?" सुनंदाचा आवाज फुटला. "लोक काय म्हणतील?"

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात आजवर मला कोणी निर्णय विचारलेला नाही.

"थांबव," मी म्हणालो.

रविवारी दहाला मंडळी आली. बालाजी कंबरेला पट्टा बांधून बसला. पोहे झाले, चहा झाला, हवेवर बोलून झालं, सोयाबीनवर बोलून झालं. निखिल कोपऱ्यात, हातात कप, कपात चहा तसाच. मी त्याच्याकडं पाहत होतो, सुनंदा माझ्याकडं, ऋतुजा आतल्या दारात. ताट आलं. हळद-कुंकू, पानं, सुपारी. बालाजीनं अडकित्ता उचलला.

"मामा, एक मिनिट," निखिल म्हणाला. कप खाली ठेवताना बशी वाजली. "दोन वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता. तो मोडला. घरचे म्हणाले सांगायची गरज नाही, आणि मीही गप्प बसलो. ते चूक झालं."

बालाजीचा अडकित्ता हवेतच राहिला. निखिलच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. ते घाईघाईनं पुढं सरकले, "हे बघा पाहुणे, आमच्या पोराचा यात काही दोष नव्हता. ती पोरगीच अशी..."

"बाबा," निखिल मध्येच म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण वडील थांबले. "तिच्याबद्दल इथं काही बोलायचं नाही. झालं त्यात मीही होतो. तिचं नाव नको."

बाहेर गल्लीत भाजीवाला मेथीचा भाव ओरडून गेला. बालाजीनं माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, काय करायचं?"

मी दाराकडं पाहिलं. ऋतुजा बाहेर आली होती, सगळ्यांसमोर, पदर-बिदर न सावरता.

"फोडा, मामा," ती म्हणाली.

बालाजीनं जोर लावला आणि एका फटक्यात सुपारीचे दोन तुकडे झाले. त्याच वेळी त्याच्या कंबरेत सणक गेली आणि तो ओरडला. पाहुण्यांना वाटलं, आनंदानं.

पल्लवीनं माझ्या मुलीला काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.